सातव्या सीटचा पाहणी अहवाल

रविवार, १२ जानेवारी

चौतीस वर्षं मी लोकांच्या फुटलेल्या गाड्या पाहिल्या. विमा कंपनीच्या ठाणे शाखेत मोटार क्लेम्सला होते. गाडी कुठे धडकली आणि मालक ती कुठे धडकली म्हणून सांगतोय, यातलं अंतर शोधण्याचा मला पगार मिळायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता घरच्यांनी ठरवलंय की मी न फुटलेल्या गाड्यासुद्धा पाहाव्यात.

सुमित आज डोंबिवलीहून बायकामुलांसकट जेवायला आला आणि पहिला भात संपायच्या आत जाहीर करून टाकलं, "आई, सात सीटर घेतोय. तीन रांगांची. दगडधोंड्यांतून जाणारी, फोर व्हील."

"डोंबिवलीत दगडधोंडे फार झालेत का?" मी विचारलं.

"आपण सहा जण. आणि सातवी आत्या."

मग मी चेष्टा सोडली. आत्या म्हणजे कुंडलिकांची मोठी बहीण, कलावतीअक्का. वय चौऱ्याऐंशी. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच कुंडलिकांना वाढवलं. खडवलीच्या पलीकडे वाडीत एकटी राहते, ठाण्याला यायचं नाव काढत नाही. खडवली स्टेशनपासून नाक्यापर्यंत जीप मिळते. पुढे अडीच किलोमीटर दगडांची वाट, मध्ये एक ओहोळ. ती वाट चालायची. आम्ही तीन वर्षांत गेलो नाही, कारण कुंडलिकांना दम लागतो. ठाण्यात खोपट भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट मजल्यांच्या मधोमध थांबते. पुढे आठ पायऱ्या चढाव्या लागतात, तर त्यातल्या चौथ्या पायरीवर हे बसतातच. "नीला, थांब जरा. दम लागला." मागच्या वर्षी छातीच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टर तरुण आहे, त्याला काय कळतंय.

गेल्या रविवारी अक्का फोनवर ओरडली (तिला वाटतं खडवली ते ठाणे आवाज पोचवायचं काम तिचंच आहे), "यंदा नाय आलीस ना गो, तर मंग माझ्या मयताला ये!" मी म्हटलं, "मयताला आले तर तुम्ही चहा कुठून देणार?" हसली. पण नेहमीपेक्षा कमी हसली.

तेव्हा ठरलं असं की गाड्यांची पाहणी मी करायची. वही काढली आहे. शाळेत सिस्टर बेर्नादेत म्हणायच्या, मत लिहायचं असेल तर शेजारी कारण लिहा, नाहीतर ते मत नव्हे, नुसती कुरकुर. ती सवय गेली नाही. वहीत कुंडलिकांना मी नावाने लिहिते. तोंडावर 'अहो'च म्हणते.

काल कुंडलिक कल्याणच्या पेन्शनर बैठकीला गेले होते. एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते, त्या सगळ्या म्हाताऱ्यांची ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची बैठक. सकाळी जातात, संध्याकाळी येतात. इतका वेळ काय बोलतात कोण जाणे. येताना वालाच्या शेंगा आणल्या आणि चपलांबरोबर घरभर तांबूस धूळ. मी म्हटलं, बैठक खुर्च्यांवर घेता की शेतात? तर म्हणाले, कल्याणला रस्ता खणलाय.


शनिवार, १८ जानेवारी

पहिली गाडी. घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये पांढऱ्या प्रकाशात फुलांचा हार घालून उभी होती. तिचं नाव मी 'नवरदेव' ठेवलं.

माझी पद्धत ठरलेली आहे. डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात, गाडीभोवती एक पूर्ण फेरी, मग वाकून खालून, आणि आत बसायचं सगळ्यात शेवटी. आधी बसलं की माणूस गाडीच्या बाजूचा होतो. विकणारा पोरगा "आंटी, आधी बसून तर बघा" म्हणत मागे लागला होता. मी सांगितलं, "आंटी तुमच्या घरी. इथे मॅडम." वाकायचं मात्र आज राहून गेलं. फरशी फार गुळगुळीत होती.

कुंडलिकांनी एक पाय पायरीवर ठेवला, दरवाज्याला धरलं आणि थांबले. "नीला, थांब जरा. दम लागला."

"आई, तू चढून दाखव ना," सुमित म्हणाला. "म्हणजे बाबांना अंदाज येईल."

मी चढून दाखवलं. पहिल्या खेपेला पाय नीट बसला नाही. दुसऱ्या खेपेला रचनाने माझ्या कोपराला हात लावला, जो मी मागितला नव्हता. तिसरी रांग म्हणजे तर चेष्टा आहे. मधली सीट दुमडून पुढे ढकलायची आणि उरलेल्या फटीतून आडवं होऊन शिरायचं. मी फटीत अर्धी होते, पुढचं कसं करावं याचा विचार करत होते, तेवढ्यात बाहेरून कुंडलिक म्हणाले, "अगं ये बाहेर, मला तिथे बसवू नका. चक्कर येईल." त्यांच्यासाठी मी परत फिरले.

नोंद: पायरीची उंची, कुंडलिक यांना जास्त. तिसरी रांग, कुंडलिक यांना निरुपयोगी. देखणेपणा दहापैकी नऊ, उपयोग दहापैकी तीन.


मंगळवार, २१ जानेवारी

रचना दुपारी आली. सून चांगली आहे, बोलते कमी. पण आज आली आणि मी भाजी चिरायला बसते त्या स्टुलाची उंची टेपने मोजायला लागली. मग माझ्या पलंगाची. मग बाथरूमच्या उंबऱ्याची. मी विचारलं, "आमचं घर विकायला काढलंय का?" म्हणाली, "नाही हो आई, सहजच." सहज कोणी टेप घेऊन डोंबिवलीहून येत नाही. मनात काय आहे ते विचारून घेणार आहे.

कुंडलिकांची करडी लोकरी टोपी डिसेंबरपासून सापडत नाही. बैठकीत विसरली म्हणतात. पेन्शनर लोक टोप्याही सोडत नाहीत.


रविवार, २ फेब्रुवारी

आज कोलशेतला एका बंद कारखान्याच्या मैदानात कंपनीने मातीचे उंचवटे, खड्डे, ओंडके असं सगळं रचून ठेवलं होतं. तिकडे लोक तयार रस्ता मिळावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि इकडे तयार मैदानाचा खराब रस्ता करायला माणसं लावतात!

गाडीचं नाव 'पैलवान'. मातकट हिरवी, चौकोनी, नटवेपणा नाही. विकणारा सर्वेश नावाचा मुलगा, बदलापूरचा. त्याने पहिल्यापासून मॅडम म्हटलं.

लिहिणार नव्हते, पण खोटं लिहायला ही वही नाही. मला मजा आली. उंचवट्यावरून गाडी खाली येताना पुढे काचेत फक्त जमीन दिसत होती, आणि सर्वेशने पाय वर घेऊन दाखवले. "बघा मॅडम, ब्रेकवर पाय नाही. ती स्वतःच सावकाश उतरते." आणि उतरली, एखाद्या शहाण्या म्हशीसारखी. नंतर एका खड्ड्यावर मागचं एक चाक हवेत, गाडी तीन चाकांवर. मागच्या रांगेतून कादंबरी आणि अद्वय, माझी नातवंडं, किंचाळत होती. मी सुमितचा खांदा धरला होता. फक्त आधाराला.

"किती क्लेम पाहिलेत मॅडम तुम्ही?" सर्वेशने विचारलं.

"सात-आठ हजार."

"खोटे ओळखायचात कसे?"

"मालकाचं तोंड बघायचं नाही. गाडीला माती कसली लागलीय ते बघायचं."

कुंडलिक खाली उभे होते, ते एकदम लांब बघायला लागले. त्यांनी याही गाडीत चढायचं टाळलं. पायरी एकोणीस इंच. मीच सर्वेशकडून मोजून घेतली. "मला नाही जमायचं," म्हणाले. म्हटलं, "अहो, प्रयत्न तरी करा! अक्काला भेटायचं नाही का? तुमच्या दमापायी मीही तीन वर्षं अडकून पडलेय." रागावले नाहीत. "तेही खरंच," एवढंच म्हणाले. मला मग वाईट वाटलं.

माझ्या गुडघ्यांचं म्हणाल तर ते वयाप्रमाणे आहेत.


शनिवार, ८ फेब्रुवारी

बैठक. पुन्हा वाल, पुन्हा धूळ. वालाची उसळ केली. मी म्हटलं, "बाजारचे वाल ते बाजारचेच. अक्काच्या शेतातल्या वालाची सर नाही." कुंडलिकांनी मान खाली घालून दोन वाट्या खाल्ल्या.


शनिवार, १५ फेब्रुवारी

भांडण झालं. डोंबिवलीला सुमितच्या सोसायटीत पार्किंग मोजायला गेलो होतो. जागा सोळा फूट, पैलवान साडेपंधरा. बसतो. मग मीच म्हटलं की नको. सहा इंच उरणार, पुढचा-मागचा कोणीतरी घासणार, क्लेम होणार, मला ते चित्र आत्ताच दिसतंय. आणि ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच चढता येत नाही, तर ती कोणाला मिरवायला?

सुमित म्हणाला, "आई, प्रत्येक गाडीला तू नाहीच म्हणतेस."

"मी नाही म्हणत. तुझे बाबा चढत नाहीत."

"आई, बाबा..."

"सुमित," रचना म्हणाली. इतकंच. तो थांबला.

मला कोणीतरी सांगा, माझ्याच घरात माझ्यासमोर वाक्यं अर्धी का सोडली जातात? मी परतीच्या रिक्षात कुंडलिकांशी बोलले नाही. इमारतीत लिफ्टमधून उतरल्यावर चौथ्या पायरीवर ते बसले. मीही शेजारी बसले, कारण उभं राहून वाट बघण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "चांगली गाडी आहे नीला. माझ्यामुळे नको म्हणू नकोस."


बुधवार, १९ फेब्रुवारी

अक्काचा फोन. बुधवारी ती फोन करत नाही. आवाज हळू होता. खोकला झालाय, शेजारच्या संचिताने औषध आणून दिलं म्हणाली.

"बँकेत सही केली काल," ती म्हणाली. "हात हलला गो. 'व' वाकडा आला."

लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी वाडीला गेले तेव्हा अक्का अंगठा लावायची. मला शेणाने सारवता येत नव्हतं, भाकरी थापता येत नव्हती. गावातल्या बायका म्हणायच्या, विंग्रजी शाळेतली आणलीय, हिला धुऊन पुसून ठेवायची का? अक्का मला भाकरी शिकवायची आणि मी तिला ओट्यावर खडूने कलावती लिहायला शिकवायचे. पावसाळा लागेपर्यंत तिची सही झाली आणि माझी भाकरी फुगली. 'व' तिला तेव्हाही छळायचा.

"येऊन शिकवते परत," मी म्हटलं.

"ये मंग," ती म्हणाली. ओरडली नाही. तेच मला सहन झालं नाही.

संध्याकाळी मी स्वतः सर्वेशला फोन लावला. म्हटलं, "पाहणी जागेवर करायची असते. तुमच्या कोलशेतच्या खेळातल्या खड्ड्यांवर मी अहवाल देणार नाही. गाडी खडवलीच्या पुढे आणा."

"मॅडम, एवढ्या लांब टेस्ट ड्राइव्ह देत नाहीत. साहेब ओरडतील."

"साहेबांना द्या फोन."

साहेबांशी चार मिनिटं बोलले. रविवारी गाडी येतेय.


रविवार, २३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

सकाळी सातला पैलवान आमच्या दारात. चालवायला सुमित, शेजारी सर्वेश, मध्ये आम्ही दोघं आणि रचना, मागे मुलं. सातव्या माणसाची सीट आज सर्वेशने अडवली होती. चढायच्या वेळी रचनाने डिकीतून एक लाकडी पायरी काढली. स्टुलाएवढी रुंद, नऊ-दहा इंच उंच, वर रबराची चटई ठोकलेली, धरायला दोरी. "बाबांसाठी करून घेतली," म्हणाली. तर टेपचं कारण हे! कुंडलिक पडले तर काय घ्या, म्हणून मजबुती तपासायला मी आधी चढले. चांगली आहे. एका पावलात आत.

पडघ्याला हायवे सोडला. नाक्यानंतर ती वाट लागली. पावसाने धुऊन काढलेली, डोक्याएवढे दगड. सर्वेशने सुमितला लो गिअर टाकायला सांगितलं. गाडी एकेक दगड पारखून पाय ठेवल्यासारखी चालली. ओहोळात घोटाभर पाणी होतं. पलीकडचा चढ आला तेव्हा मी डोळे मिटणार होते, पण पाहणी करणाऱ्याने डोळे मिटून चालत नाही. उघडे ठेवले. वर आलो. चालत तासभर खाणारी वाट, वीस मिनिटांत.

अक्का ओट्यावर उभी. वाळलीय. "आलीस गो?" म्हणाली आणि माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला वालाच्या शेंगांचा वास येत होता. मी रडले नाही. धूळ होती.

आता नोंदी.

एक. अक्काचं कुत्रं अनोळखी माणसाला दारात उभं करत नाही. आम्हा सगळ्यांवर भुंकलं. कुंडलिकांच्या पायांत जाऊन लोळलं.

दोन. अक्काने सगळ्यांना चहा दिला. कुंडलिकांचा वेगळ्या कपात, बिनसाखरेचा, न विचारता. यांची साखर बंद होऊन दीड वर्ष झालं. आम्ही आलो नाही त्याला तीन वर्षं.

तीन. आत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी खुंटीवर करडी लोकरी टोपी.

चार. अंगणातली माती तांबूस.

मी चहा खाली ठेवला. चूल फुंकायच्या निमित्ताने अक्काच्या मागे आत गेले.

"दर महिन्याला?" मी विचारलं.

अक्का लाकडं सारत राहिली. "दुसऱ्या शनवारी."

"नाक्यापासून पायी?"

"मंग काय इमानानं? लाकडं फोडून देतो, वाल तोडून नेतो."

"आणि दम?"

"त्याला कसला दम?" अक्का हसली, मग खोकली, मग माझ्याकडे नीट बघितलं. आधी तोंडाकडे, मग गुडघ्यांकडे. "त्यानं 'येतो' म्हटलं असतं, तर तू एकटीच मागं राहिली असतीस ना गो."

चौतीस वर्षं. सात-आठ हजार क्लेम. ब्रेक न लावता ब्रेक लावले म्हणणारे, दारू पिऊन 'प्यायलोच नव्हतो' म्हणणारे, सगळ्यांना मी टेबलाच्या पलीकडून पकडलं. आणि माझ्या घरात एक माणूस तीन वर्षं चौथ्या पायरीवर बसून खोटा दम लावत होता. माझ्या गुडघ्यांना विसावा मिळावा म्हणून. आणि मी त्याला रागे भरत होते. आणि सुमित, रचना, कदाचित डॉक्टरसुद्धा, सगळ्यांना ठाऊक. ती लाकडी पायरी कोणासाठी होती तेही आत्ता लिहिताना कळतंय.

मला संताप यायला हवा होता. बाहेर आले तेव्हा आलाच होता थोडा. कुंडलिक पपईच्या झाडाकडे बघत उभे होते, जसं काही पपई आजच पहिल्यांदा पाहतायत. मला बघून म्हणाले, "केवढं वाढलंय गं हे!"

"हो का," मी म्हटलं. "तीन वर्षांत."

"तीन वर्षांत," ते म्हणाले.

मग अक्का गाडीत बसली. लाकडी पायरी बाजूला सारून, दांडीला धरून, झाडावर चढावं तशी थेट मागच्या रांगेत पोचली. म्हणाली, "बैलगाडीवर चढलेल्या बाईला तुमच्या पायऱ्या कशाला?" ओहोळापर्यंत जाऊन आलो. ठाण्याला चल म्हटलं तर नाही म्हणाली, पण कशी नाही म्हणाली ते लिहून ठेवते: "वाल संपू दे. मंग बघू." अक्काच्या तोंडून 'बघू' मी पहिल्यांदा ऐकलं.

निघायच्या आधी ओट्यावर खडूने तिच्याकडून दहा वेळा 'व' काढून घेतला. सातवा चांगला आला.


सोमवार, २४ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण केला. गाडी: पैलवान. चढ, उतार, ओहोळ, दगड: समाधानकारक. पार्किंग: सहा इंच मोकळे, पुरे. तिसरी रांग: नातवंडे आणि कलावती यांना उत्तम. लाकडी पायरी: अत्यावश्यक, गाडीतच ठेवावी.

मग आधीच्या पानांवर गेले. 'पायरीची उंची, कुंडलिक यांना जास्त' यातलं कुंडलिक खोडलं आणि वर 'नीला' लिहिलं. 'तिसरी रांग, कुंडलिक यांना निरुपयोगी.' तिथेही खोडलं. चार ठिकाणी दुरुस्ती, प्रत्येक ठिकाणी सही. पानांचे फोटो सुमितला पाठवले आणि खाली लिहिलं, बाबांना दाखवू नकोस. गुडघ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. त्याचं उत्तर अजून आलं नाही. फोन मात्र रचनाचा आला. "आई," म्हणाली, आणि पुढचं वाक्य अर्धंच राहिलं. आज मी विचारलं नाही.

संध्याकाळी भाजी घेऊन परत आलो. लिफ्ट मधोमध थांबली. आठ पायऱ्या. माझा उजवा गुडघा तिसरीलाच कुरकुरला. चौथीवर कुंडलिक थांबले, कठड्याला धरलं, छातीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत नट म्हणून काहीही सुधारणा नाही.

"नीला, थांब जरा. दम लागला."

"बसा," मी म्हटलं. "घाई नाही." आणि शेजारी बसले. पिशवी दोघांच्या मध्ये होती, ती उचलून पलीकडे ठेवली. बराच वेळ बसलो. वरच्या मजल्यावरून शेजारच्या केदारच्या आईने वाकून विचारलं, काका बरे आहेत ना? मी म्हटलं, "बरे आहेत. जरा दम खातायत."

आता शेवटची नोंद, आणि वही मिटते.

दावेदार: कुंडलिक. दाव्याचं कारण: दम लागणे. पुरावा: एकही नाही. दावा पूर्णपणे खोटा.

शिफारस: मंजूर करावा. कायमचा.